देव कोरडा

काळ सगळ्यांसाठी सारख्याच वेगाने चालतो; राजा असो वा रयत, तो कोणासाठी रेंगाळत नाही आणि कोणाची गय करत नाही. हे वाक्य मानवजातीने काही हजार वर्षं अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हटलं. ते चूक आहे. दिवखारच्या उघाडीवर काळ डोंगरावरच्यापेक्षा किंचित हळू चालतो, असं भूषण ठाकूरने मोजून सांगितलं तेव्हा सरपंच रोहिदास म्हणाले, "तरीच एसटी उशिरा येते."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडपांची मोरी. ओहोटीला ती उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडते. भरतीला मिटते आणि खारं पाणी बाहेर अडवते. दिवखार हे गावच मुळी त्या बांधाच्या जिवावर उभं होतं. पूर्वजांनी खाडीतली जमीन बांध घालून भाताखाली आणली, तेव्हा समुद्राची परवानगी घेतली नव्हती. समुद्राने शे-दीडशे वर्षं वाट पाहिली आणि आता जमीन परत मागायला सुरुवात केली होती.

भूषण किनारा पुनर्रचना मंडळाचा मोजणी अधिकारी होता. वय बावन्न. शिवाय तो दिवखारचा जावई होता, आणि हेच त्या मोजणीतलं अवघड प्रकरण होतं. नात्यातल्या गावात मोजणीला जाऊ नये असा मंडळाचा नियम होता. पण ते घड्याळ चालवता येणारी माणसं राज्यात चारच होती आणि बाकीची तिघं प्रशिक्षणाला गेली होती.

दुसरा कोणी अधिकारी असता तर गावाने रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावला असता. जावयाच्या गाडीपुढे ट्रॅक्टर लावता येत नाही, खुर्ची लावावी लागते. ती लावली गेली. चहा आला, तांदळाची भाकरी आली, जिताड्याचं कालवण आलं. दिवखारात प्रत्येक घरामागे तळं होतं आणि तळ्यात जिताडा मासा पोसलेला असे. तो खास जावयासाठी काढायचा. जिताड्याला गोडं पाणी चालतं, खारंही चालतं. गावात भवितव्याची चिंता नसलेला तो एकटाच.

"जेवा, जावईबुवा," रोहिदास म्हणाले. "रिकाम्या पोटी मोजलेलं खरं नसतं."

"आणि भरल्या पोटी?"

"भरल्या पोटी गावाच्या बाजूनं येतं."

भूषण हसला आणि मग समोर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहून हसायचा थांबला. हसुराम घरत, वय पंचाहत्तर, बांधाचे राखणदार. त्यांची एकुलती मुलगी हर्षला म्हणजे भूषणची बायको. दोन वर्षांपूर्वी अकरा दिवसांच्या तापात ती गेली. मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर जावईपण चालू राहतं की संपतं, याबद्दल गावात काही नियम नव्हता, म्हणून ते चालू राहिलं. तेराव्यानंतर भूषण दिवखारला आला तो आजच, तेही सरकारी टेंपोतून.

"बारीक झालात," हसुराम म्हणाले.

"तुम्हीसुद्धा, मामा."

मग भूषणने घड्याळाविषयी सांगायला घेतलं. घड्याळाविषयी तो कितीही वेळ बोलू शकत असे.

टेंपोत फ्रिजएवढी पेटी होती. तिच्यात स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूचे काही हजार अणू लेझरच्या उजेडात अधांतरी धरून ठेवलेले असत. त्यांची टिकटिक सेकंदाला चारशे एकोणतीस लाख कोटी. पृथ्वीच्या जितकं जवळ जावं तितका काळ हळू चालतो. आइन्स्टाईनने हे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं, फक्त तो फरक इतका बारीक की मोजायला साधन नव्हतं. एक सेंटिमीटर खाली उतरलं की सुमारे तीन हजार कोटी वर्षांत एक सेकंद मागे पडतो. या पेटीला तेवढं कळायचं. असंच दुसरं घड्याळ घाटमाथ्यावर, काळ्या खडकात बसवलेलं होतं. दोघांना काचेच्या तारेने जोडायचं आणि कोण किती मागे पडतंय ते पाहायचं. त्यावरून इथली उंची मिलिमीटरपर्यंत कळते. दुर्बीण नको, पट्टी नको, हरकत घ्यायला जागा नको.

"म्हंजे गाव किती खाली हाय ते घड्याळ सांगणार?" हसुरामनी विचारलं.

"हो."

"आणि पानी किती वर आलं ते?"

"ते उपग्रह सांगतो. दोन्हींची बेरीज करायची. तीस सेंटिमीटरच्या आत आली तर मंडळ पुढची तीस वर्षं बांध राखणार. वर गेली तर बांध सोडायचा."

"सोडायचा म्हंजे?"

"डागडुजी बंद. गाव दुसरीकडे वसवायचं."

तीन दिवस पेटी उघाडीच्या चिरेबंदी खांबाला टेकून गुरगुरत होती. चौथ्या दिवशी आकडा आला. २००४ साली उघाडी बांधली तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षांत खांब सोळा पूर्णांक दोन सेंटिमीटर खचला होता. समुद्र एकवीस पूर्णांक दोनने चढला होता. बेरीज, सदतीस पूर्णांक चार.

चावडीवर सांगताना भूषणने प्रत्येकाचा वाटा समजावला. समुद्र तापला की फुगतो, कढईतल्या दुधासारखा. डोंगरांवरचा बर्फ वितळतो तो येऊन मिळतो. इकडे नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, गाळ यायचा थांबला, आणि जुना चिखल आपल्याच वजनाने बसत चालला. त्यात बोअरवेलनी खालचं पाणी उपसलं. ग्रीनलंडची तर तऱ्हाच वेगळी. तिथला बर्फ इतका अवाढव्य की आजूबाजूच्या समुद्राला तो स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की ओढ सुटते, तिथलं पाणी उतरतं आणि हजारो मैलांवर, ज्यांनी तो बर्फ कधी पाहिलाही नाही त्यांच्या दारात चढतं. हा भाग भूषण प्रशिक्षणात रंगवून सांगायचा. गेली दोन वर्षं, हर्षला गेल्यापासून, त्याने तो वगळला होता. आज ओघात तोंडून गेला आणि पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

गावाला यातलं बरंचसं आधीच माहीत होतं, फक्त त्याची बेरीज माहीत नव्हती. पश्चिमेच्या शेतांत कांदळ, म्हणजे खारफुटी, उगवलं होतं, आणि कांदळ उगवलं की ती जमीन कायद्याने जंगल होते, म्हणजे स्वतःच्या शेतातलं झाड तोडलं तर गुन्हा. लाल भात, जो थोडं खारं सोसायचा, तोही तीन वर्षांपासून दाण्याऐवजी नुसतं पोकळ पळींज धरत होता. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नव्हती.

"पन नियमात अजून एक कलम हाय ना?" रोहिदासनी खिशातून कागद काढला. सरपंच कलमं वाचून आले होते. "'चाळीस वर्षांवरील सलग स्थानिक नोंद उपलब्ध असल्यास तिची व यंत्राची सरासरी ग्राह्य.' हसुरामकाकांची वही हाय. दोन हजार चारपासून. एक वर्ष चुकलेलं नाय."

"काय म्हणते वही?"

"वही म्हंते, पानी वाढलंच नाय!"

चावडीवर पहिल्यांदा हशा पिकला. शून्य आणि सदतीस पूर्णांक चार यांची सरासरी अठरा पूर्णांक सात. गाव वाचत होतं, आणि तेही नियमाने.

वही हसुरामच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. भूषण एकटाच वाचायला बसला. हसुराम बाहेर ओट्यावर जाळं विणत होते.

उघाडीच्या खांबावर एक शेंदूर फासलेला दगड बसवलेला होता, तो खारदेव. नारळी पौर्णिमेचं उधाण वर्षातलं मोठं. त्या दिवशी पाणी देवापासून किती खाली राहिलं ते राखणदाराने पाहायचं आणि गावाला सांगायचं. देव कोरडा असेल तर गाव वर्षभर निश्चिंत. नोंदी सगळ्या एका सुरातल्या. 'नारळी पौर्णिमा. दुपारी १ वा. ५ मि. देव कोरडा. पाणी हातभर खाली.' पुढचं वर्ष, देव कोरडा, हातभर खाली. वीस वर्षं, तीस वर्षं, हातभर खाली. भूषणने अशी नोंद कुठे पाहिली नव्हती. जगातला प्रत्येक समुद्र चढत होता आणि दिवखारचा मात्र देवाचा मान राखून हातभर अंतरावर उभा होता.

२०११ च्या पानावर अक्षर बदललं. गोल, उजवीकडे झुकणारं, 'ळ'ला उगाच शेपूट देणारं. फ्रिजवर दुधाच्या चिठ्ठ्या असायच्या त्या याच अक्षरात. हर्षला तेव्हा तेरा वर्षांची असणार. भूषणने वही मिटली, थोड्या वेळाने उघडली.

'शिमगा. पाणी हाताच्या आत आलं होतं म्हणून देवाखाली चीप सरकवून त्याला वर घेतलं. बाबा, देव वर गेला तर पाणी खालीच दिसणार ना? विचारणे.'

त्याखाली हसुरामच्या जाड अक्षरात: 'तो देव आहे. फूटपट्टी नाही.'

त्याखाली पुन्हा ती: 'मग मीच चीप मोजून ठेवते. आतापर्यंतच्या सगळ्या ५१ मिमी. यंदाची ९ मिमी.'

भूषण उठून उघाडीवर गेला. तीन दिवस त्याच खांबाला त्याने जगातलं सर्वांत अचूक घड्याळ टेकवलं होतं आणि वर पाहिलं नव्हतं. खारदेव एका उतरंडीवर बसला होता. तळाशी कौलांच्या खापऱ्या, वर लोकांच्या न्हाणीघरांतून उरलेले फरशीचे तुकडे: निळे, गुलाबी, एक मोराच्या नक्षीचा, सगळे सिमेंटने जोडलेले. पाणी हाताच्या आत आलं की शिमग्यानंतर चार जणांनी देव उचलायचा, खाली एक चीप सरकवायची, नारळ फोडायचा. देवाच्या पायाला खारं पाणी लागू नये म्हणून. गावाने चव्वेचाळीस नारळी पौर्णिमा भक्तिभावाने मोजपट्टीच वर सरकवली होती.

परत आला तेव्हा हसुराम तसेच विणत होते.

"मामा, तिने त्यानंतर दर वर्षी चीप मोजली."

"लग्न होईतोवर तिनं. मग मी. तिची शाळेतली पट्टी हाय ना, ती घेऊन." हसुरामनी मान वर केली नाही. "शिमगा झाला की तिचा फोन यायचा. 'बाबा, किती?' मी सांगायचो."

भूषणला ते फोन आठवले. दर शिमग्याला स्वयंपाकघरात, खांदा आणि कान यांत फोन धरून, हाताला पुरण लागलेलं. 'नऊ? बरं. आणि मागची? आठ.' त्याला वाटायचं, वडिलांच्या गोळ्या-औषधांचं चाललंय. लग्नाची बावीस वर्षं तो समुद्राची पातळी मोजत देशभर फिरत होता, आणि घरात ती त्याला पोळी वाढत होती.

"मला कधीच बोलली नाही."

"मीच सांगितलं होतं, नको बोलू. जावई झाला तरी सरकारी मानूस."

"तुम्ही बेरीज केली होती?"

"आमचं ठरलं होतं," हसुराम म्हणाले. "लिवायचं. पन बेरीज करायची नाय." जाळ्याची गाठ दोनदा चुकली. "गेली दोन वर्सं कोनी विचारलं नाय. तरी लिवलं."

भूषण शेजारी बसला. मग त्याने नोकरीतल्या सव्वीस वर्षांत कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. आवाज खाली आणला.

"मामा, मंडळाच्या फॉर्मात एकच रकाना आहे, पाणी देवापासून किती खाली. चिपांचा रकानाच नाही. मी फक्त तेवढं उतरवून घेतो. खोटं काही नाही. हातभर म्हणजे हातभर. तीस वर्षं बांध राहील."

हसुरामनी जाळं बाजूला ठेवलं. आत जाऊन वही आणली, चष्मा आणला, लाकडी पेन्सिल आणली. जमिनीवर बसून ते एकेक पान उलटू लागले. प्रत्येक पानावर अंगठा फिरवायचे, मग पेन्सिलीने कागदाच्या कपट्यावर आकडा मांडायचे. बाहेर भरती लागली होती. झडपा मिटल्याचा आवाज आला तरी ते मांडतच होते. भूषणला मध्ये बोलता आलं असतं, पण म्हाताऱ्याची बेरीज मध्येच तोडायची हिंमत त्याला झाली नाही.

"तीनशे एकोनसत्तर मिलिमीटर," हसुराम शेवटी म्हणाले. "म्हंजे छत्तीस पूर्णांक नऊ सेंटी. तुमच्या घड्याळाचं किती?"

"सदतीस पूर्णांक चार."

"अर्ध्या सेंटीचा फरक."

"हो."

"तुमचं घड्याळ केवढ्याचं, काय, ते नाय विचारत. पन पोरीनं कंपासपेटीतल्या पट्टीवर काढलं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते अभिमानासारखं दिसत होतं. थोडा वेळ टिकलं, आणि मग चेहरा मोडला. भूषणने सासऱ्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेराव्याला ते पाहुण्यांच्या पंक्तीत पाणी वाढत होते. आता ते आवाज न करता रडले, आणि भूषण शेजारी बसून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला, कारण जावयाने अशा वेळी काय करायचं याचाही गावात नियम नव्हता. मग त्यालाही रडू आवरलं नाही.

"लिवा," हसुराम नाक पुसून म्हणाले. "दोन्ही आकडे. वही हाय तशी."

"मामा, गाव उठेल. रोहिदास, सगळे... तुम्हाला सोडणार नाहीत."

"गाव देवाकडं बघून झोपतं, भूषणराव. मी सांगतो कोरडा, की दारं लावून झोपतात. आणखी तीस वर्सं झोपवू? उधाणात बांधाला खांड पडली तर झोपेतच जातील." त्यांनी चष्मा काढला. "आणि ती तेरा वर्सांची होती. बरोबर विचारलं होतं तिनं. मी वहीत लिवून तिला गप केलं. परत नाय करनार."

नियमानुसार मूळ वही जमा करावी लागत होती. भूषणने प्रत्येक पानाचा फोटो काढला, छापून देतो म्हणाला. हसुराम नको म्हणाले. हर्षला पेन दाबून लिहायची. पानावर बोट फिरवलं की अक्षर लागायचं. छापलेल्यात काय लागणार? वही पिशवीत घातली आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली. भूषणने पोच लिहून दिली: 'वही, एक.'

गावाला जावयावर रागावता येत नव्हतं, म्हणून गाव सासऱ्यावर रागावलं.

"आपल्याच ताटात माती कालवलीत, काका," रोहिदास ओट्याखालूनच म्हणाले. वर चढले नाहीत.

"ताटात पानी येनारच होतं रे. मी फक्त किती ते सांगितलं."

"सांगायला कोनी सांगितलं होतं?"

त्या शिमग्याला देव उचलायला कोणी आलं नाही. दगडाला चार माणसं लागायची. हसुराम सकाळपासून दुपारपर्यंत उघाडीवर बसून राहिले, शेजारी फरशीचा एक पिवळा तुकडा आणि ती पट्टी घेऊन. मग उठून घरी आले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या तळ्यातला जिताडा कोणीतरी काढून नेला. दिवखारात माणूस वाळीत पडल्याची एवढी खूण पुरे होती.

एप्रिलमध्ये भूषण त्यांना पनवेलला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. सातवा मजला. इथे काळ दिवखारपेक्षा किंचित जोरात चालत होता. किती, ते भूषणला तोंडपाठ होतं. हसुराम दिवसभर गॅलरीत उभे राहायचे. संध्याकाळी दोघं जेवायचे. एकदा वरण वाढताना हसुराम म्हणाले, "ती मीठ कमीच घालायची ना?" भूषण म्हणाला, "हो, कमीच." त्या दिवशी एवढंच बोलणं झालं आणि दोघांनाही ते पुष्कळ वाटलं.

नारळी पौर्णिमेला दुपारी एकच्या सुमारास रोहिदासचा फोन आला. चार महिन्यांतला पहिलाच.

"काका, परवापासून दर्यात वादळ हाय, वाऱ्यानं उधाण फुगलंय. आज पानी देवाच्या पायाला लागलं."

"किती?"

"अर्धं बोट वर."

"बरं," हसुराम म्हणाले. "पोरांना रातचं शाळेच्या माडीवर झोपवा." फोन ठेवून त्यांनी आजूबाजूला लिहायला काही आहे का ते पाहिलं. भूषणने कार्यालयाचं पॅड पुढे केलं. त्यांनी लिहिलं, तारीख घातली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

मंडळाचा निर्णय सप्टेंबरात आला. दिवखारचा बांध सोडायचा. भूषणने बैठकीचं इतिवृत्त मागवून घेतलं. मोजणीचा अहवाल, घड्याळाचे आकडे आणि जोडपत्र म्हणून लावलेली वही असलेलं पाकीट बैठकीत उघडलं गेलं नव्हतं. चारशेपेक्षा कमी घरांच्या गावांचे बांध सोडायचे, असं मंडळाने मोजणीच्या आदल्या वर्षीच्या मार्चमध्येच ठरवलेलं होतं. दिवखारात दोनशे सोळा घरं आहेत.